जनावरांना मोजता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला या विषयावर बोलले होते. ते कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं, गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलं, आणि तेव्हापासून प्रश्न येतच आहेत. शेतकरी विचारतात, मेंढपाळ विचारतात, अंगणवाडीताई आणि सातवीतली पोरंही विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले. भाषा होता होईल तो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, सरळ सांगा. जनावराला मोजता येतं का नाही?

कमी कुठं आणि जास्त कुठं, हे आजवर तपासलेल्या बहुतेक प्राण्यांना कळतं. माशाला कळतं, मधमाशीला कळतं, कोंबडीच्या पिल्लाला, कुत्र्याला, माकडाला कळतं. पण एकेका वस्तूला एकेक शब्द लावत जायचं आणि शेवटचा शब्द म्हणजे एकूण आकडा धरायचा, ही आपली रीत रानातला कोणताही प्राणी वापरताना दिसलेला नाही. माणसानं वर्षानुवर्षं शिकवलेले थोडे प्राणी तिच्या जवळपास पोचले आहेत (प्रश्न ११ आणि १५).

या दोन गोष्टींतला फरक खळ्यावर चांगला दिसतो. ज्वारी मोजताना जुनी माणसं पहिल्या पायलीला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात, आणि मग दोन, तीन असं पुढं जातात. शब्द बदलला तरी हिशेब चुकत नाही, कारण मोजणी शब्दांच्या ठरलेल्या क्रमावर चालते. ही शब्दांची माळ माणसानं केली आणि पोरांकडून पाठ करून घेतली. जनावराकडं ती माळ नाही. त्याच्याकडं जे आहे ते तिच्यापेक्षा फार जुनं आहे, आणि ते आपल्यातही आहे.

२. मग त्यांच्याकडं आहे तरी काय?

दोन गोष्टी आहेत. पहिली, लहान आकडे एका नजरेत ओळखणं. ताटात तीन भाकरी आहेत हे कळायला तुम्ही मोजत नाही. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८७१ साली स्वतःवरच प्रयोग केला. मूठभर घेवड्याचे दाणे डबीकडं फेकायचे आणि डबीत किती पडले ते बघताक्षणी सांगायचं. हजारावर वेळा त्यानं हे केलं. तीन आणि चार दाण्यांवर तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि पुढं वाढत गेल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज, आणि या अंदाजाला एक नियम आहे. बाजारात मेथीच्या ५ जुड्या एका पाटीत आणि १० दुसऱ्या पाटीत असतील तर लांबूनही फरक दिसतो. ९ आणि १० असतील तर दिसत नाही, हात लावून मोजावं लागतं. फरक दोन्हीकडं किती जुड्यांचा आहे याला महत्त्व नाही, एक पाटी दुसरीच्या किती पट आहे याला आहे. म्हणून १० आणि २० ओळखणं साधारण ५ आणि १० ओळखण्याइतकंच सोपं. हातातल्या वजनाचंही असंच असतं, हे जर्मनीतल्या वेबर या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात दाखवलं, म्हणून या नियमाला त्याचं नाव आहे. मासा, कावळा, माकड आणि घाईत बघणारा माणूस, सगळ्यांच्या चुका याच नियमानं होतात. एवढे वेगळे मेंदू आणि चुकायची पद्धत एक, हे मला या साऱ्या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं.

पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याची माणसं डबक्यांत गप्पी मासे सोडतात, ते तुम्ही पाहिले असतील. इटलीतल्या पाडुआ विद्यापीठात याच गप्पींची आणि कॉलेजातल्या मुलांची तुलना झाली, २०१२ साली. चारपर्यंतच्या लहान संख्या ओळखणं आणि त्यापुढच्या मोठ्या संख्यांचा अंदाज बांधणं, यांतला फरक दोघांतही सारखाच दिसला.

३. मोठा ढीग दिसला म्हणून जनावर तिकडं जातं. यात आकडा कुठं आला?

अगदी बरोबर शंका. पाच भाकरी तीन भाकरींपेक्षा जास्त जागा व्यापतात, जास्त वास देतात, खायला जास्त वेळ लागतो. तेव्हा प्राणी पाच बघतो का पसारा बघतो, हे वेगळं काढावं लागतं.

त्यासाठी बहुतेक वेळा ठिपके वापरतात. कधी तीन ठिपके मोठे आणि पाच बारीक, म्हणजे काळा भाग तीनमध्येच जास्त. कधी ठिपके दाटीवाटीनं, कधी विरळ. कधी गोल, कधी चौकोनी. हे सगळं उलटसुलट करूनही प्राणी पाचच ओळखत राहिला, तर आकड्याशिवाय धरायला त्याच्याकडं काही उरत नाही. काही प्रयोगांत वस्तू एकेक करून दाखवतात आणि झाकतात, म्हणजे ढीग एकदम दिसतच नाही. काही ठिकाणी फक्त आवाज ऐकवतात (प्रश्न १३). पुढच्या उत्तरांत जिथं मी "ओळखतो" म्हटलंय, तिथं अशी काळजी घेतलेली आहे. जिथं नाही, तिथं तसं सांगितलंय.

४. नंदीबैल पाऊस पडेल का म्हटलं की मान हलवतो, किती लेकरं विचारलं की तितक्यांदा खूर आपटतो. त्याला मोजता येत नसेल तर हे कसं काय?

या प्रश्नाचं उत्तर बर्लिनमध्ये सापडलं, एका घोड्यामुळं. त्याचं नाव हान्स. मालक फॉन ऑस्टेन निवृत्त गणितशिक्षक होता आणि त्यानं घोड्याला खरोखर मनापासून गणित शिकवलं होतं. बेरीज विचारा, हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. पैसे घेत नव्हता तो माणूस, लबाडीही नव्हती. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि तिलाही कुठली चलाखी सापडली नाही.

मग ओस्कार फुंग्स्ट या तरुण संशोधकानं दोन साध्या गोष्टी केल्या. एक, विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी सोय केली. दोन, घोड्याला विचारणारा दिसणार नाही असं केलं. दोन्ही वेळा हान्स चुकायला लागला. तो आकडे मोजत नव्हता, माणसं वाचत होता. बरोबर आकडा जवळ आला की विचारणाऱ्याचं अंग नकळत ताठ व्हायचं, आणि आकडा पुरा झाला की डोकं अगदी किंचित वर जायचं. त्याच क्षणी घोडा थांबायचा. स्वतः फुंग्स्टला हे सगळं माहीत असूनही डोक्याची ती हालचाल थांबवता येईना. त्याचं पुस्तक १९०७ साली आलं.

नंदीबैलाचं मूळ हेच, फक्त एक मोठा फरक आहे. फॉन ऑस्टेनला आपण खूण करतो हे माहीत नव्हतं. नंदीबैलवाल्याला माहीत असतं, ती त्याची पिढीजात कला आहे. गुबुगुबूचा ठेका, कासऱ्याची हलकी ओढ, उभं राहायची जागा, यातून बैलाशी बोलायचं त्याला लहानपणापासून येतं. मला त्यात फसवणुकीपेक्षा मेहनत जास्त दिसते. बैलाची हुशारीही खरीच आहे, पण ती माणूस ओळखण्यातली आहे.

हान्समुळं एक कायमचा नियम झाला: प्राणी तपासताना त्याच्यासमोरच्या माणसाला उत्तर माहीत नसावं. चिठ्ठी काढणाऱ्या ज्योतिषाच्या पोपटाबद्दलही हेच उत्तर धरा.

५. आमचे आजोबा सांगायचे, मोटेचा बैल ठरलेल्या खेपा झाल्या की आपोआप थांबायचा. हे खोटं का?

आठवण खोटी म्हणायची माझी हिंमत नाही, मी तशा चार-पाच ऐकल्यात. पण बैलाजवळ धरायला बऱ्याच खुणा होत्या: दंडातलं पाणी वाफ्यापर्यंत पोचल्यावर ओरडणारा दारकरी, कलणारी उन्हं, अंगातला शीण, मोट हाकणाऱ्याचा सैल झालेला हात. त्यातली एकेक काढून कुणी बघितलं नाही, आणि आता मोटा राहिल्या नाहीत. त्यामुळं हे मोजणं होतं असंही म्हणता येत नाही. पावलं खरोखर धरणारा प्राणी हवा असेल तर प्रश्न १४ वाचा.

६. आमची शेळी तीन करडं व्यालीय. दोनच पाजू लालीय, तिसऱ्याला ढुसण्या मारू लालीय. तिला दोन मोजता येतात का?

शेळीला सडंच दोन असतात, त्यामुळं तसं वाटतं. पण इथं आकड्याचा संबंध फार कमी. शेळी पिल्लाला वासानं ओळखते. व्यायल्यावर पहिल्या तास-दोन तासांत चाटताना तो वास तिच्या नाकात बसतो. त्या वेळात एखादं करडू बाजूला पडलं, पुसून घेतलं, दुसरीकडं ठेवलं, तर नंतर ती त्याला परकं समजते.

आता काय करायचं ते आधी करा. तिला धरून तिसऱ्याला चीक पाजा, पहिल्या दिवशीच. मग गरज पडली तर बाटली. उस्मानाबादी शेळीला जुळी सर्रास होतात, तिळं सांभाळायला मात्र माणसाचा हात लागतो.

७. दीडशे मेंढ्यांतली एक राहिली तर वाघुरात (जाळीच्या कोंडवाड्यात) शिरताच कळतं, मोजावं लागत नाही. मग हे पण मोजणंच की?

हा प्रश्न एका मेंढपाळ दादांनी पाठवला होता आणि मी तो वर्गात दरवर्षी वापरते. त्यांना "एकशे एकोणपन्नास" कळत नाही, "ती तुटक्या कानाची कुठं गेली" हे कळतं. ही ओळख आहे, मोजणी नाही. आई घरात शिरल्यावर कुठलं लेकरू अजून बाहेर आहे ते जाणते, तसंच.

प्राण्यांबद्दल बोलताना हा फरक फार वेळा निसटतो. मांजर हरवलेलं पिल्लू शोधते, कुत्री आपलं पिल्लू हुंगत फिरते, यावरून तिला आकडा कळतो असं सिद्ध होत नाही. आणि ओळखणं एकतर्फीही नाही. ब्रिटनमधल्या एका प्रयोगात, २००१ सालच्या, मेंढ्यांनी ५० दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांहून जास्त काळ लक्षात ठेवले.

८. कोंबडीखालून एक अंडं काढलं तर तिला कळतं का? सगळी काढली तर ती खुडूक का होत नाही?

कोंबडी अंडी मोजते असा पुरावा मला माहीत नाही. पोटाखाली साठलेल्या अंड्यांचा स्पर्श आणि ती दिसणं, यानं तिच्या अंगात एक संप्रेरक वाढतं आणि ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसते. रोज अंडी उचलली तर तो ढीग साठत नाही, म्हणून ती घालत राहते. आपल्याकडं एखादं अंडं खाली ठेवतात ते तिनं जागा बदलू नये म्हणून.

तिच्या पिल्लांची गोष्ट मात्र वेगळीच आहे. इटलीतल्या संशोधकांनी नुकत्याच उबलेल्या पिल्लांना आईऐवजी पाच छोटे प्लॅस्टिकचे गोळे दिले. कोंबडीचं पिल्लू पहिल्यांदा जे बघतं त्यालाच आई मानतं, तशी ती त्या गोळ्यांमागं फिरायला लागली. मग पिल्लाच्या डोळ्यांदेखत तीन गोळे एका पडद्यामागं आणि दोन दुसऱ्यामागं नेले. सोडल्यावर पिल्लं तिघांकडं गेली. पुढं आणखी अवघड केलं: आधी लपवायचे, मग एकेक गोळा दिसेल असा एका पडद्यामागून दुसऱ्यामागं न्यायचा. शेवटी जिथं जास्त उरले असतील तिथंच पिल्लं गेली, सुरुवातीला तिथं कमी असले तरी. हा प्रयोग २००९ सालचा. पिल्लांचं वय थोडे दिवस, शिकवणी नाही, बक्षीस नाही. डालग्याखाली चिवचिवणाऱ्या पिल्लांकडं मी तेव्हापासून वेगळ्या नजरेनं बघते.

९. टिटवीनं चार अंडी घातली की चार महिने पाऊस, तीन घातली की तीन. टिटवीला आकडा कळतो म्हणूनच ना?

दर उन्हाळ्यात शेताच्या बांधावरच्या टिटवीच्या अंड्यांचे फोटो मला येतात, खाली प्रश्न: "यंदा कसं?" आपल्याकडं पावसानं इतक्यांदा दगा दिलाय की माणूस कुठंतरी आधार शोधणारच, हे मला कळतं.

पण टिटवी साधारण चार अंडी घालते, बऱ्या वर्षीही आणि दुष्काळातही. कधी तीन असतात. टिटवीच्या जवळच्या बऱ्याच पाणथळ पक्ष्यांत चार हाच आकडा नेहमीचा आहे. टोकं आत करून मांडलेली चार अंडी एका पक्ष्याच्या पोटाखाली नीट मावतात. यात पावसाचं भाकीत नाही, टिटवी अंडी मोजते असाही पुरावा नाही. पेरणीची वेळ अंड्यांवरून ठरवू नका, जमिनीतली ओल बघा. आणि अंडी हाताळू नका. ती उघड्या मातीवर असतात, माणूस जवळ घुटमळला की कुत्री-कावळे मागोमाग येतात.

१०. मग अंडी मोजणारा पक्षी आहे तरी का एखादा?

आहे. पैठणच्या नाथसागरावर हिवाळ्यात काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पाणपक्षी थव्यानं दिसतात. आपण त्यांना वारकरी म्हणतो, काहीजण चांदवा म्हणतात. याच्या अमेरिकेतल्या भावंडाचा अभ्यास ब्रूस लायन यांनी कॅनडात केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला.

या पक्ष्यांच्या माद्या शेजारणीच्या घरट्यात गुपचूप अंडी टाकतात. काही माद्यांना परकं अंडं रंगावरून ओळखू येतं, काहींना येत नाही. ज्यांना ओळखू येत नाही, त्या परकी अंडीही धरून आपली संख्या कमी करतात, म्हणजे फसतात. ज्यांना ओळखू येतं, त्या घरट्यात परकी अंडी पडलेली असतानाही फक्त स्वतःच्या अंड्यांवरून कधी थांबायचं ते ठरवतात. नुसता ढिगाचा स्पर्श कारण असता (प्रश्न ८) तर दोघींचं सारखंच झालं असतं. म्हणून रानातल्या मोजण्याचं हे एक पक्कं उदाहरण मानतात. मादीला यातून रोकडा फायदाही आहे: दुसऱ्याच्या लेकरासाठी स्वतःचं एक कमी करावं लागत नाही.

११. कावळा चारपर्यंत मोजतो म्हणतात. आणि पोपट?

कावळ्याची एक जुनी युरोपी गोष्ट आहे. माचाणावर शिकारी लपलाय हे कावळ्याला कळतं, म्हणून दोघं चढतात, एक उतरतो. तिघं चढतात, दोघं उतरतात. कावळा फसत नाही. पाच-सहा माणसं झाल्यावर गोंधळतो आणि परत येतो. गोष्ट म्हणून छान आहे, पण हा कुणी तपासलेला प्रयोग नव्हे.

तपासलेलं पुढं आलं. गेल्या शतकात ऑटो कोहलर या जर्मन संशोधकानं डोमकावळ्याला शिकवलं की खुणेच्या पाटीवर जितके ठिपके, तितकेच ठिपके असलेल्या झाकणाचा डबा उघडायचा. ठिपक्यांचा आकार आणि मांडणी दर वेळी वेगळी. त्यानं ते केलं. अलीकडं ट्यूबिंगन विद्यापीठात आंद्रेआस नीडर यांच्या प्रयोगशाळेत तीन कावळ्यांना शिकवलं की ही खूण दिसली की एकदा ओरडायचं, ती दिसली की दोनदा, असं चारपर्यंत, आणि झालं की चोच टेकवून "संपलं" सांगायचं. २०२४ साली हे प्रसिद्ध झालं. त्यांच्या पहिल्या "काव"च्या सुरावरूनच पुढं किती येणार याचा अंदाज बांधता येत होता. म्हणजे ओरडायच्या आधीच आकडा मनात ठरलेला होता. हे कावळे आपल्या गावकावळ्याच्या जवळच्या जातीचे, पण तेच नव्हेत.

पोपटांत ॲलेक्सचं नाव घ्यायलाच हवं. आफ्रिकेतल्या राखाडी जातीचा हा पोपट आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली दुकानातून आणला आणि २००७ साली तो मरेपर्यंत शिकवलं. ताटलीत वेगवेगळ्या रंगांच्या वस्तू मिसळून "हिरवे ठोकळे किती?" विचारलं की तो सहापर्यंतचा आकडा तोंडानं सांगायचा. विचारलेल्या रंगाचं काही नसेल तर "काही नाही" म्हणायचा. हान्सची चूक (प्रश्न ४) होऊ नये याची काळजी पेपरबर्ग यांनी पहिल्यापासून घेतली.

१२. सातभाई पक्षी सातच का राहतात? मोजून राहतात का?

सात हा आकडा आपण दिलाय. सातभाई टोळीनं राहतात, टोळी लहान-मोठी असते. तुमच्या आंब्याखाली उद्या सकाळी मोजून बघा.

१३. रात्री गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांना बघून कधी धावतात, कधी शेपूट घालतात. समोर किती आहेत हे बघतात का?

हो. रोम शहराच्या बाहेरच्या भागातल्या भटक्या कुत्र्यांच्या टोळ्यांवर हाच अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. आपली संख्या समोरच्यांपेक्षा जास्त असली की टोळी अंगावर जायची शक्यता वाढते, कमी असली की माघार.

सिंहांत तर हे न बघता, ऐकून होतं. टांझानियातल्या सेरेंगेटीत कॅरन मॅककोम्ब आणि सहकाऱ्यांनी लाऊडस्पीकरवर परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या वाजवल्या, कधी एकीची, कधी तिघींची. एकीची असली की कळपातल्या सिंहिणी त्या दिशेनं चालून जायच्या. तिघींची असली की आपण किती आहोत यावर ठरायचं. हा अभ्यास १९९४ सालचा. समोर काही दिसत नव्हतं, वास नव्हता, ढीग नव्हता; प्रश्न ३ मधल्या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर रानात मिळणं अवघड आहे. मार खाल्ला तर जीव जातो, तिथं आकड्याची समज असणारा टिकतो.

१४. एवढीशी मुंगी, एवढीशी मधमाशी. त्यांना काय डोंबलाचं कळणार?

मलाही आधी असंच वाटायचं. मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांपेक्षाही कमी पेशी असतात. आपल्या मेंदूत त्या काही हजार कोटी. तरी २००८ साली मारी डाके आणि मंड्यम श्रीनिवासन यांनी मधमाश्यांना बोगद्यातून उडवलं, वाटेत सारख्या खुणा ठेवल्या आणि साखरपाणी ठरावीक खुणेपाशी. मग खुणांमधली अंतरं बदलली. माश्या अंतर सोडून खुणेच्या क्रमांकावर गेल्या, चौथ्या खुणेपर्यंत. पुढं जमलं नाही.

२०१८ साली त्याहून पुढची गोष्ट आली. "कमी ठिपके असलेला कागद निवडा" असं शिकलेल्या माश्यांसमोर कोरा कागद ठेवला. त्यांनी कोरा निवडला. "काही नाही" हेही एकापेक्षा कमी आहे, हे त्यांनी धरलं. पुढच्याच वर्षी रंगाच्या खुणेवरून एक मिळवायचं किंवा एक वजा करायचं, हेही माश्यांना शिकवल्याचं प्रसिद्ध झालं. त्यावर मात्र टीका झाली आहे की माश्या चित्रांतली दुसरी काही साम्यं धरत असाव्यात. हे प्रयोग युरोपी पाळीव मधमाशीवरचे आहेत. वेरूळ-अजिंठ्याच्या कड्यांवरच्या आग्या मोहोळाला कृपा करून कुणी गणित शिकवायला जाऊ नका.

मुंगीची गोष्ट मला मधमाशीपेक्षाही आवडते. ट्युनिशियाच्या वाळवंटातली मुंगी अन्नासाठी वाकडीतिकडी भटकते आणि सापडलं की सरळ रेषेत घरी येते. वाळूत खूण नाही, वासाचा माग नाही. किती चाललो हे तिला कसं कळतं? २००६ साली संशोधकांनी मुंग्यांना दहा मीटरवरच्या अन्नापर्यंत चालू दिलं आणि परतीला काहींच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून पाय लांब केले, काहींचे पाय आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या घर ओलांडून सुमारे १५ मीटरवर जाऊन बिळाचं तोंड शोधायला लागल्या. आखूड पायांच्या सुमारे सहा मीटरवरच थांबल्या. पावलं तेवढीच, पाऊल मोठं-लहान. "एक, दोन" असं ती म्हणत नसणार, पण अंगात कुठंतरी पावलांची बेरीज होते हे नक्की.

१५. चिंपांझीची स्मरणशक्ती माणसापेक्षा जास्त असते, व्हिडिओ पाहिलाय. खरं का?

व्हिडिओ खरा आहे. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तेत्सुरो मात्सुझावा यांनी आई नावाच्या चिंपांझी मादीला आकड्यांची चिन्हं शिकवली. त्यावरचा लेख १९८५ सालचा. तिचा मुलगा अयुमू. पडद्यावर १ ते ९ मधले आकडे सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागापुरते दिसून झाकले जातात, आणि तो ते चढत्या क्रमानं बोटानं टिपतो. २००७ साली त्यानं याच कामात कॉलेजातल्या मुलांना मागं टाकलं. नंतर भरपूर सराव केलेली माणसंही त्याच्या बरोबरीला आली. आणि ही नजरेत चित्र साठवायची ताकद आहे, मोजायची म्हणता येणार नाही. आईला नवा आकडा शिकताना प्रत्येक वेळी पुन्हा मेहनत लागायची, हे जास्त महत्त्वाचं. माणसाच्या लेकराला चार-पाच आकड्यांचा अर्थ कळला की "पुढचा म्हणजे एक जास्त" हे एकदम उमगतं आणि मग ते थांबत नाही.

१६. पावसाळ्यात बेडूक रात्रभर ओरडतात. त्यात काही हिशेब असतो?

असतो. मादीला आपल्याच जातीचा नर आवाजावरून ओळखायचा असतो. अमेरिकेतल्या बेडकांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या आहेत की आवाजाचे ठरलेले ठोके ठरलेल्या अंतरानं आले तरच त्या पेटतात. मधलं एकच अंतर चुकलं की त्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

१७. मेंदूत हे कुठं असतं?

माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एकेका आकड्याला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी नीडर (प्रश्न ११) आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००२ साली सापडल्या. तीनच्या पेशीला दोन आणि चार दिसल्यावरही थोडी चुळबुळ होते, सातला नाही. प्रश्न २ मधला अंदाजाचा नियम इथं पेशीतच दिसतो. पुढं कावळ्यांतही तशाच पेशी मिळाल्या, आणि कावळ्याच्या मेंदूत आपल्यासारखे थरच नाहीत. माणूस आणि कावळा यांचा समान पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीचा. दोन वेगळ्या वाटांनी निसर्ग त्याच ठिकाणी पोचला असं दिसतं.

१८. झाडांना पण मोजता येतं असं वाचलं.

माशा पकडणारं एक अमेरिकी झाड आहे. त्याच्या पानावरच्या केसाला एकदा स्पर्श झाला तर काही होत नाही, थोड्याच वेळात दुसरा झाला तर पान मिटतं, आणि पुढं पाचाच्या आसपास स्पर्श झाल्यावर पाचक रस तयार व्हायला लागतो. वाऱ्यानं पडलेल्या काडीवर शक्ती वाया जाऊ नये म्हणून ही सोय. मी याला समज म्हणत नाही. मेंदूशिवाय चालणारा, साठत आणि रिकामा होत जाणारा तो हिशेब आहे.

१९. जनावराला कळतं म्हणता, मग आमचं पोरगं गणितात कच्चं का? मास्तर त्याला ढोर म्हणतात.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच आहे, आणि आया लिहितात. त्या पोराला असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

कमी-जास्तची समज तुमच्या लेकरात जन्मापासून आहे. सहा महिन्यांची बाळं ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक ओळखतात, ८ आणि १२ मधला नाही. हे २००० साली दाखवलं गेलं. शाळेतलं गणित वेगळं आहे. ते चिन्हांचं आणि शब्दांचं आहे, माणसांनी हजारो वर्षांत घडवलेलं. ब्राझीलमधल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचाच्या पुढं आकड्यांना शब्दच नाहीत. २००४ सालच्या अभ्यासात अंदाजाच्या कामात ते फ्रेंच माणसांइतकेच चांगले ठरले; नेमकी वजाबाकी करायची वेळ आली की अडले. त्यांच्यात बुद्धी कमी नव्हती, शब्दांची माळ नव्हती.

मराठीत ही माळ खास अवघड आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, त्रेपन्न, पंचावन्न, त्र्याहत्तर: प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो. म्हणून पोराला आधी चिंचोके द्या, ढीग करू द्या, कुठला मोठा ते सांगू द्या, मग आकडा लिहायला लावा. त्यातही फार अडत असेल, घड्याळ-पैसे-लहान बेरजा वर्षानुवर्षं जमत नसतील, तर अंकांची खास अडचण काही मुलांत असते; तिची तपासणी होते आणि शाळेत सवलतही मागता येते. ती मारानं जात नाही.

२०. आम्हाला शाळेत स्वतः तपासायचंय. काय करता येईल?

गप्पीपासून सुरू करा. एकटा पडलेला मासा मोठ्या घोळक्याकडं जातो, कारण तिथं सुरक्षित वाटतं. काचेची एक मोठी पेटी मध्ये आणि दोन्ही बाजूंना चिकटून काचेच्या बरण्या, एकीत दोन मासे, दुसरीत चार. मधल्या पेटीत एक मासा सोडायचा, दहा मिनिटं तो कोणत्या बाजूला किती वेळ राहतो ते घड्याळ लावून लिहायचं. मग बरण्यांची बाजू बदलायची, कारण मासा कदाचित उजेडाकडं जात असेल. दोन-चार नंतर तीन-चार, मग चार-आठ लावून बघा. प्रत्येक जोडी निदान दहा वेगवेगळ्या माशांवर करा. झाल्यावर मासे जिथून आणले तिथंच सोडा, नदी-ओढ्यात नको. तिथल्या मूळच्या माशांना ते त्रास देतात.

कुत्र्यावर करणार असाल तर भाकरीचे तुकडे एकाच आकाराचे करा, दोन झाकलेल्या ताटल्या ठेवा, आणि कुत्रं सोडणाऱ्या मुलाला कोणत्या ताटलीत किती आहेत ते सांगू नका (प्रश्न ४). वासाची शंका जावी म्हणून दोन्ही ताटल्यांच्या तळाशी, जाळीखाली, सारखीच भाकरी दडवून ठेवा. तुकडे एकेक करून कुत्र्याला दिसतील असे टाका, टाकणारा वेगळा आणि सोडणारा वेगळा. टाकणाऱ्यानं टाकून झालं की पाठ फिरवावी.

वही माझ्याकडं पाठवाल तेव्हा ज्या फेऱ्यांत मासा किंवा कुत्रं चुकलं त्याही लिहा. गेल्या वर्षी आठवीतल्या तिघींनी चाळीस फेऱ्यांची वही पाठवली होती, त्यात सतरा वेळा मासा लहान घोळक्याकडं गेला होता आणि त्या सगळ्या तीन-चारच्या जोडीतल्या होत्या.